वस्तरा आणि डावा हात

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी गोणपाटावर मांडून ठेवलेल्या जिनसांमध्ये, बंद पडलेली घड्याळे, किल्ली हरवलेली पितळी कुलुपे आणि खिळखिळे झालेले अडकित्ते यांच्या शेजारी, कधीकधी एखादा जुना वस्तराही पडलेला असतो; परंतु काळवंडलेल्या शिंगी मुठीत पाते मिटून घेऊन तो असा काही निपचित असतो, की एके काळी ही वस्तू रोज सकाळी कोणा गृहस्थाच्या गळ्यावरून निर्धास्तपणे फिरत असे, ही गोष्ट पाहणाराच्या ध्यानातही येऊ नये. मी तो उचलला, तो हाताला त्याचा तोल बरा लागला म्हणून. पाते उघडून पाहिले. पाठ जाड, धारेकडे पाचरीसारखे निमुळते होत गेलेले, मध्यावर गंजाचे दोन ठिपके, आणि जिथे पाते संपून बोटे टेकवायची जागा सुरू होते तिथे रोमन अक्षरांत वर ‘शेफील्ड’ आणि खाली ‘इंग्लंड’ असा ठसा. कारखान्याचे नाव झिजून गेलेले होते. विक्रेत्याने सांगितलेली किंमत मी घासाघीस न करता दिली, आणि त्या दिवसापासून सुमारे तीन महिने माझ्या सकाळचा पाऊण तास या वस्तऱ्याच्या स्वाधीन झाला.

‘इंग्लंड’ हा एवढासा शब्द अशा वस्तूचे वय सांगण्याच्या कामी येतो. अमेरिकेने १८९० साली, मॅकिन्ले यांच्या नावाने ओळखला जाणारा जो जकातीचा कायदा केला, त्यान्वये परदेशी मालावर तो कोणत्या देशात तयार झाला ते नाव उमटवणे सक्तीचे ठरले. आणि अमेरिका हीच शेफील्डच्या वस्तऱ्यांची मोठी पेठ असल्यामुळे तेथील कारखानदारांनी गावाच्या नावाखाली देशाचेही नाव ठोकण्यास प्रारंभ केला. सबब, नुसते गावाचे नाव असलेले पाते बहुधा त्या कायद्याच्या आधीचे आणि देशाचेही नाव असलेले त्यानंतरचे, असा ढोबळ आडाखा जाणकार बांधतात. माझा वस्तरा त्या हिशेबाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातला किंवा त्यानंतरचा.

शेफील्ड हे गाव सुऱ्याकात्र्यांसाठी फार पूर्वीपासून नावाजलेले; तेथील चाकू-सुऱ्या करणाऱ्या कारागिरांच्या संघाला १६२४ सालीच कायद्याची मान्यता मिळालेली होती. पण वस्तऱ्याला लागणारे उत्तम पोलाद त्या गावाला मिळवून दिले ते एका घड्याळजीने. घड्याळाच्या कमानीला हवे तसे एकजिनसी पोलाद बाजारात मिळेना, म्हणून बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात मातीच्या मुशीत पोलाद पूर्णपणे वितळवून ओतण्याची पद्धत सिद्ध केली, आणि अशा पोलादाला जी धार चढते ती आधीच्या पोलादाला चढत नसे. याच प्रकरणात एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. मुंबईत असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी हिंदुस्थानी पोलादाच्या वड्या लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे रवाना केल्या, आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांच्यावरील प्रयोगांचा निबंध त्या संस्थेपुढे ठेवला. हेच ते ‘वुट्झ’ नावाने युरोपात गाजलेले पोलाद. जेम्स स्टोडार्ट नावाचा लंडनचा चाकू-सुऱ्या करणारा कारागीर या पोलादाचा मोठा पुरस्कर्ता होता, आणि त्याच्याच सहकार्याने मायकेल फॅरडे यांनी १८२० च्या सुमारास पोलादाच्या मिश्रणांचे प्रयोग केले. विजेच्या शोधांनी पुढे जगविख्यात झालेल्या या शास्त्रज्ञाने आपल्या मिश्र पोलादाचे वस्तरे करवून ते स्नेह्यांना भेट दिले होते. पोलादाची परीक्षा घ्यायची तर माणसाच्या गालाइतकी चोखंदळ जागा दुसरी नाही, हे त्यांना पुरते ठाऊक असले पाहिजे.

वस्तरा घरी आणला खरा, पण त्याला धार आहे की नाही, एवढे सांगण्याचेही ज्ञान माझ्यापाशी नव्हते. आमच्या आळीच्या तोंडाशी चाळीस वर्षे केशकर्तनालय चालवून आता मुलाच्या हाती कारभार सोपवलेले एक वृद्ध कारागीर आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दुपारी गिऱ्हाईक नसते अशा वेळी मी त्यांच्याकडे गेलो. सेनामहाराजांच्या तसबिरीखाली बाकावर ते बसले होते. त्यांनी वस्तरा उघडला, उजेडाकडे धरून डोळा बारीक केला, डाव्या अंगठ्याचे नख पाण्यात भिजवले आणि त्यावरून धार, मुंगी चालावी इतक्या हळू, टाचेपासून टोकापर्यंत ओढली. दोन ठिकाणी त्यांचा हात किंचित अडखळला.

“पोलाद अस्सल आहे, साहेब,” ते म्हणाले. “धार पार गेलीय. हितं आणि हितं दाते पडलेत. दगडावर घ्यायला लागंल.”

नखाची ही परीक्षा मी पुढे शेकडो वेळा केली. चांगली धार ओल्या नखावर सलग, लोण्यातून जावी तशी किंचित रुतत जाते; बोथट धार घसरते; आणि डोळ्यांना न दिसणारी खाच असली, तर ती तिथे कचकन अडकते. केसाच्या जाडीशी तुलना केली म्हणजे या धारेच्या सूक्ष्मतेची कल्पना येते. दाढीचा केस मिलिमीटरच्या सुमारे एक-दशांश जाड. वस्तऱ्याच्या उत्तम धारेची कडा मात्र मिलिमीटरच्या एक-सहस्रांशाहूनही बारीक. एवढी कडा जपणे हेच या विद्येचे अर्धे काम आहे, आणि नवशिक्याच्या दुःखाचे मूळ बहुतेक वेळा त्याच्या हातात नसून धारेत असते, असे माझे पक्के मत झाले आहे.

वस्तऱ्याची घडणच मोठ्या बुद्धीची आहे. पाठ जाड ठेवली आहे ती केवळ बळकटीसाठी नव्हे. पाते दगडावर असे आडवे ठेवायचे, की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतील. मग दोहोंच्या मध्ये जो कोन पडतो तो घडवणाऱ्याने आधीच ठरवून दिलेला असतो, आणि धार लावणाऱ्याला तो हाताने सांभाळण्याची तसदी पडत नाही. सुरी निसताना हात कोन शोधत असतो. वस्तऱ्याची पाठ तो कोन स्वतः वाहते. दगडावर धार पुढे आणि पाठ मागे अशी चाल. आधी भरड दगडावर दाते घालवायचे, मग उत्तरोत्तर मऊ दगड घ्यायचा. बेल्जममधल्या आर्देन डोंगरात निघणारा एक पिवळसर दगड यासाठी युरोपात शतकानुशतके मान्यता पावलेला आहे. त्याच्या पोटात गार्नेट या रत्नाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि तेच पोलादाला झिजवतात. अण्णांचा दगड काळा, तळहाताएवढा, मध्ये किंचित खोलगट झालेला, त्यांच्या वडिलांच्या धोकटीतला. त्यावर दोन थेंब पाणी टाकून ते वस्तरा फिरवू लागले, तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत सारा हात एकाच लयीत जात होता आणि बोटांचा जोर असा कुठे दिसतच नव्हता. वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाहून अधिक भार त्याच्यावर घालायचा नाही, हा त्यांचा पहिला पाठ.

दगडानंतर चामड्याचा पट्टा. इथे चाल उलटी: पाठ पुढे, धार मागे, अन्यथा धार चामड्यात शिरते. दर फेरीच्या शेवटी पाते उलटायचे ते पाठीवरून, धारेवरून कदापि नाही. हा नियम मला तोंडपाठ होता. तरीही चौथ्या दिवशी घाईत हात धारेवरून वळला, पट्ट्याला बोटभर चीर पडली, आणि तीन संध्याकाळी खपून आणलेली धार एका क्षणात नाहीशी झाली. मी पुन्हा दगड काढला. पन्नास-साठ फेऱ्या मन लावून केल्याशिवाय वस्तरा गालाला लावायचा नाही, हा शिरस्ता तेव्हापासून आजवर मोडलेला नाही. अण्णांना पट्टाही लागत नाही. त्यांचा तळहात या कामाने इतका घट्ट आणि गुळगुळीत झाला आहे, की वस्तरा त्यावरच पाच-सहा वेळा इकडून तिकडे परजला की काम भागते. मी तो तळहात हातात घेऊन पाहिला, तर अंगठ्याच्या खालच्या मांसल भागावर जुन्या पोथीच्या पुठ्ठ्यासारखी चकाकी होती.

आपली श्मश्रू आपण करावी ही कल्पना आपल्याकडे काय किंवा युरोपात काय, फार जुनी नाही. फ्रान्समध्ये जाँ-जाक पेरे नावाच्या चाकू-सुऱ्या करणाऱ्या कारागिराने १७६९ साली पॅरिसमध्ये स्वतःची दाढी स्वतः करण्यास शिकवणारा ग्रंथच लिहिला, यावरून ही गोष्ट तेव्हा शिकवावी लागे हे उघड होते. आपल्या गावगाड्यात तर न्हावी हा बलुतेदार. सुगीला त्याचे बलुते धान्यात चुकते व्हायचे आणि धोकटी काखेत मारून तो घरोघर फिरायचा. वस्तरा त्याच्याच हातात शोभे आणि त्याच्यावरच त्याची जबाबदारी असे. या हाताने काय करायचे आणि काय करायचे नाही, याचा विवेकही त्या कारागिरांनी दाखवला आहे: १८९० साली मुंबईच्या न्हावी बांधवांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने एकत्र येऊन विधवांच्या केशवपनाला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. ज्यांची उपजीविका त्या वस्तऱ्यावर होती त्यांनी हे करावे, याचे मोल आपल्या सुधारणेच्या इतिहासात अजून पुरेसे मोजले गेलेले नाही.

पुढे किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली सुरक्षित रेझरचे पेटंट मिळाले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना तो सरकारातून वाटला गेला, आणि दाढी घरोघर होऊ लागली. दुकानांत वस्तरा टिकला होता; पण एड्सच्या धोक्याची जाणीव झाल्यावर दर गिऱ्हाइकाला नवे पाते घालायचा वस्तरा आला, आणि तो योग्यच होता. म्हणूनच जुना वस्तरा ज्याचा त्याने वापरावा, दुसऱ्याला देऊ नये; आणि बाजारातून आणलेला आधी स्वच्छ धुऊन निर्जंतुक करून घ्यावा. विकत घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. हस्तिदंतासारखी दिसणारी मूठ पुष्कळदा सेल्युलॉइडची असते, आणि ते जुने होऊन विघटू लागले की त्यातून निघणाऱ्या वाफा पात्याला आतून गंजवतात. मिटल्यावर जेवढा भाग मुठीत राहतो तेवढाच गंजलेला दिसला, तर तो वस्तरा घेऊ नये. शिंगाच्या मुठीला हे भय नाही.

आता प्रत्यक्ष दाढीकडे वळतो. अण्णांनी मला आरशासमोर उभे केले, मी वस्तरा उघडला, तीन बोटे दांड्याच्या पाठीवर, करंगळी मागच्या वळलेल्या शेपटीवर आणि अंगठा खालून टेकवला, आणि माझी नजर साहजिकच पात्यावर खिळली. तेव्हा ते म्हणाले, “साहेब, वस्तऱ्याकडं सगळेच बघतात. दाढी डाव्या हातानं होते.”

मला त्या वेळी हे बोलणे कोड्यासारखे वाटले. पुढे त्याचा उलगडा होत गेला. माणसाचा चेहरा हा सपाट प्रदेश नव्हे. जबड्याच्या हाडापाशी तो एकदम वळतो, हनुवटीवर गोळा होतो, गळ्यावर सैल पडतो, आणि वस्तरा तर सरळ रेषेचा. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम मोकळ्या हाताकडे असते. गालफडाला वस्तरा लावायचा तर डावा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाजवळची कातडी वर ओढायची. जबड्यासाठी मान फिरवून कातडी हाडावरून गालावर चढवायची, म्हणजे जी जागा वळणावर होती ती सपाटीवर येते. गळ्यासाठी ती खाली, गळपट्टीच्या हाडाकडे. “डफासारखी ताणली पाहिजे,” अण्णा म्हणत, “मग वस्तरा नुसता चालवायचा.” उजव्या हाताने तेवढा एक कोन सांभाळायचा: पाते गालावर आडवे टेकवून मग पाठ वर उचलायची, ती पाठीच्या जाडीच्या सुमारे दुप्पट. त्याहून अधिक उचलली तर धार कातडी खरवडते, कमी उचलली तर केस ओढते.

आणखी एक गोष्ट प्राणपणाने जपायची. विळीवर भाजी चिरताना आपण ती धारेवर सरकवतो, आणि त्या सरकण्यानेच ती कापली जाते. वस्तरा केस कापतो तो धारेच्या काटकोनात पुढे जाऊन. धारेच्या लांबीकडे तो रेसभर सरकला, तर विळीचा धर्म त्याच्या अंगात येतो आणि कातडी चिरते. हनुवटीच्या उजव्या बाजूला मला जी पहिली जखम झाली ती अशीच. कळ मुळीच लागली नाही. साबणाच्या पांढऱ्या फेसात एक तांबडी रेषा उमटली, मग ती रुंद होत गेली. मी तुरटी दाबून धरली आणि त्या दिवशी उरलेली दाढी साध्या रेझरने पुरी केली. शिकणाराने यात कमीपणा मानू नये. पहिल्या आठवड्यात दोन्ही गाल, पुढच्या आठवड्यात जबडा, मग गळा, आणि हनुवटी व वरचा ओठ सर्वांत शेवटी, असा मुलूख हळूहळू काबीज करावा. डावा गाल उजव्या हाताने करताना हातच आरशाच्या आड येतो. काही लोक तिथे वस्तरा डाव्या हातात घेतात. मला ते साधले नाही.

दाढीपूर्वी केस भिजवण्यात पाच मिनिटे घालवणे हा वेळेचा अपव्यय मुळीच नाही. २०२० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पोलादाहून पन्नास पट मऊ असलेला केस पोलादाच्या पात्याला बोथट कसा करतो, हा त्यांचा प्रश्न. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले, की पात्याची कडा हळूहळू झिजत जाण्यापेक्षा तिच्या बारीक कपच्याच उडतात, आणि त्याही जिथे केस कापला जाताना वाकतो तिथे. म्हणून केस आधी भिजवायचा; ऊन पाण्याने भिजलेला केस फुगतो, मऊ होतो. साबणाचा फेस दाट, ओला आणि चकाकता हवा. ब्रशवरून तो ओघळता कामा नये आणि कोरडा पडून त्यावर पापडीही धरता कामा नये.

मग पहिला हात केस वळले असतील त्या बाजूला, दुसरा आडवा, आणि हात पूर्ण बसल्यावरच तिसरा उलटा. केस कोणीकडे वळले आहेत हे बोटांनी चाचपून ठरवावे, कारण गळ्यावर बहुतेकांचा भोवरा असतो आणि एकाच गळ्यावर चार दिशा निघतात. जर्मनीतल्या सोलिंगेनची दोन्ही अंगांनी पोकळ घासलेली पातळ पाती चालताना गुणगुणतात; माझे शेफील्डचे जाड पाते तसे बोलके नाही. पण ताण बरोबर असला आणि कोन बरोबर असला, की जाड कागदावरून नख फिरावे तसा एक खर्जातला आवाज त्याचाही निघतो. मी त्या आवाजाच्या आधाराने शिकलो. तो थांबला की हात थांबवायचा, आणि बहुतेक वेळा चूक डाव्या बाजूला सापडते: बोटे निसटलेली असतात, कातडी सैल पडलेली असते.

वापर झाल्यावर वस्तरा पुसणे हाही दाढीचाच भाग. मऊ फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसायचे, धारेवरून आडवे कधीच नाही. मग सांध्यातले पाणी निपटायचे, आणि पाते अर्धवट उघडे ठेवून वाळू द्यायचे. पावसाळ्यात मी तेलाचे एक बोट त्यावरून फिरवतो. आषाढात दोन दिवस विसरलो, तर धारेच्या काठावर तांबूस धुके धरलेले होते आणि दगडाची तालीम पहिल्यापासून करावी लागली.

तीन महिने झाले तेव्हा मी वरच्या ओठासह सारी दाढी वस्तऱ्याने करून अण्णांकडे गेलो. त्यांनी मला दारात, उजेडाला उभे केले आणि उजव्या हाताची बोटे उलटी करून, नखांच्या बाजूने, माझ्या गळ्यावरून वर वर नेली. गाल पार केला, ओठ पार केला. डाव्या जबड्याखाली, कानाच्या पाळीच्या सरळ रेषेत, ती थांबली.

“हितं हात निसटला,” ते म्हणाले. “डावा.”

ती जागा मला रोज छळत असे. साबणाने निसरडी झालेली कातडी तिथे धरताच येत नसे, आणि वस्तरा नेमका तिथेच मुका होई. अण्णांनी फळीवरून तुरटीचा खडा उचलून माझ्या हातात ठेवला. मला वाटले, कुठे कापले आहे. त्यांनी मान हलवली आणि माझ्या डाव्या हाताची पहिली दोन बोटे त्या खड्यावर घासून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोटे पुसून कोरडी केली, तुरटीवर चारदा घासली, आणि कानाखाली टेकवून कातडी मागे ओढली. ती जागची हलली नाही. वस्तरा त्या जागेवर आणला, आणि खर्जातला तो आवाज कानाच्या पाळीपासून गळ्यापर्यंत सलग ऐकू आला.